वाचकांचे प्रश्न : साइड-बाय-साइड वाहून नेण्यासाठी ट्रेलर निवडताना

साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी सीट, स्टिअरिंग आणि डोक्यावर रोल केज असलेली, रस्त्याबाहेर चालवायची गाडी. लोक तिला सरळ बग्गी म्हणतात. रस्त्यावर चालवण्याची नोंदणी नसेल तर शेतावरून ट्रॅकवर किंवा डोंगराकडे न्यायला ट्रेलरच लागतो. या वेळी निवडलेल्या सगळ्या प्रश्नांचा रोख ट्रेलरवरच आहे. बहुतेकांनी किंमत आणि मापे विचारली आहेत, वजन आणि ब्रेक मात्र थोड्यांनीच. आमच्या उत्तरांत क्रम उलटा आहे, कारण नाशिकहून कुठल्याही बाजूला निघा, वाटेत घाट लागतोच.

प्रश्न : आमची दोन सीटची गाडी ६४ इंच रुंद आणि जवळपास १० फूट लांब आहे. बोलेरोमागे न्यायची आहे. फॅब्रिकेटर १० बाय ५ फुटांचा ट्रेलर सुचवतो, हलका आणि स्वस्त पडेल म्हणतो. पुरेल का? (वाचक, ओझर)

नाही पुरणार. ६४ इंच म्हणजे ५ फूट ४ इंच, म्हणजे गाडीची चाके बेडच्या, म्हणजे ट्रेलरच्या सपाट तळाच्या, बाहेर जातील. बेड ट्रेलरच्या चाकांच्या वर उचलून घेतला तर गाडी बसेल, पण मग ती जमिनीपासून फार उंच जाते. साइड-बाय-साइडचा गुरुत्वमध्य मुळातच वर असतो, त्यामुळे वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकावर झुकतो. म्हणून या कामाला दोन चाकांच्या मध्ये बसवलेला, खाली असलेला बेडच घ्यावा.

६४ इंची गाडीला आतली स्पष्ट रुंदी ७६ ते ७७ इंच धरा. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच उरतात. चढवताना गाडी थोडी तिरकी आली तरी टायर ट्रेलरच्या फेंडरला (चाकावरच्या मडगार्डला) घासत नाही आणि पट्टा बांधायला हात आत जातो. ७२ इंची स्पोर्ट गाडी असेल तर ७७ इंच अडचणीचे होतात, ८२-८३ इंच लागतात. त्यापुढे मात्र जाता येत नाही. बाहेरच्या टायर-फेंडरसाठी प्रत्येक बाजूला साडेनऊ इंच धरले तर ८३ इंची बेडची एकूण रुंदी १०२ इंच, म्हणजे २.५९ मीटर होते आणि आपल्याकडे वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. ७७ इंची बेड २.४४ मीटरमध्ये बसतो. बोलेरोची रुंदी १.७४५ मीटर आहे, म्हणजे ट्रेलर दोन्ही बाजूंना सुमारे ३५ सेंटिमीटर बाहेर येतो. मूळ आरशांतून त्याच्या मागचे काही दिसणार नाही. आरशांना बाहेर काढणाऱ्या आर्मचा खर्च आधीच हिशेबात धरा.

लांबी १२ फूट घ्या. गाडी १० फुटांची असली तरी वरचे दोन फूट वाया जात नाहीत. गाडी पुढे-मागे सरकवून वजन जुळवायला तीच जागा कामी येते. कसे, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ट्रेलरची क्षमता किती किलोंची घ्यावी? कंपनीच्या कागदावर आमच्या गाडीचे वजन ७०० किलो लिहिले आहे. (वाचक, पिंपळगाव बसवंत)

कागदावरचा आकडा बहुधा कोरड्या वजनाचा असतो. त्यात पेट्रोल, कूलंट, इंजिन तेल, बॅटरीवरचे सामान धरलेले नसते. टाकी ३५ लिटरची असेल तर भरल्यावर जवळपास २६ किलो वाढतात. छत, विंडशील्ड, विंच, स्टेपनी, जॅक, हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन असे एकेक धरत गेले की ७०० किलोंची गाडी सहज ८०० किलोंवर जाते. त्यात ७७ इंच बाय १२ फुटांच्या एक-एक्सल ट्रेलरचे स्वतःचे ४०० किलो मिळवा. एकूण झाले १,२०० किलो. क्षमता निदान १,५०० किलोंची हवी, म्हणजे एक्सल, पाटे, हब, टायर आणि कपलिंग (ओढणाऱ्या गाडीच्या हुकाला जोडणारा पुढचा सांधा) या सगळ्यांची. विक्रेता फक्त एक्सलची क्षमता सांगतो तेव्हा बाकीच्यांची विचारा. सर्वांत कमजोर भागाची क्षमता हीच ट्रेलरची खरी क्षमता.

अंदाजावर राहू नका, काट्यावर तोला. कुठल्याही बाजार समितीजवळ किंवा एमआयडीसीत वजनकाटा सापडतो. गाडी बांधलेला ट्रेलर हुकापासून सोडून, पुढचे छोटे चाक काट्यावरच ठेवून एकदा तोला. हे एकूण वजन. मग बोलेरोला जोडा आणि फक्त ट्रेलरची चाके काट्यावर ठेवून पुन्हा तोला. दोन्हींतला फरक म्हणजे हुकावर पडणारे वजन. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवे. १,२०० किलोंच्या ट्रेलरला १२० ते १८० किलो.

ट्रकचा काटा ५ किंवा १० किलोंच्या पायरीने मोजतो, त्यामुळे हा फरक थोडा ढोबळ येतो. नेमका आकडा हवा असेल तर घरच्या वजनकाट्यावरही काढता येतो. साडेतीन फुटांची जाड फळी घ्या. तिचे एक टोक जमिनीवर ठेवलेल्या पाइपवर आणि दुसरे वजनकाट्यावर टेकवा. दोन आधारांतले अंतर बरोबर तीन फूट हवे. कपलिंग पाइपपासून एक फुटावर टेकवा आणि काट्यावरच्या आकड्याला तीनने गुणा. ४५ किलो दिसले तर हुकावर १३५ किलो आहेत. फळी आडवी आणि ट्रेलर समतल असला पाहिजे, आणि चाकांना ठोकळे लावलेले असले पाहिजेत.

आकडा कमी निघाला तर गाडी बेडवर पुढे घ्या. एक्सलपासून कपलिंगचे अंतर ३.४ मीटर असेल तर ८०० किलोंची गाडी १५ सेंटिमीटर पुढे सरकवल्यावर हुकावर साधारण ३५ किलो वाढतात. योग्य जागा सापडली की पुढच्या चाकांपुढे बेडवर रंगाने खूण करा आणि तिथे लोखंडी अडसर बोल्ट करा. म्हणजे दर वेळी तोलायची गरज उरत नाही.

हुकावरचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या एक्सलवर जाते हेही लक्षात ठेवा. बोलेरोत मागे चार जण, वर सामान आणि हुकावर १८० किलो असे सगळे एकदम नको. ओढण्याची मर्यादा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. तिथे काही लिहिलेले नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारा. मर्यादा जास्त असली तरी भरलेला ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनापेक्षा जड नसावा, हा आमचा आग्रह आहे.

प्रश्न : चार सीटची मोठी गाडी घेतो आहोत. एक एक्सल पुरेल की दोन? (वाचक, दिंडोरी)

दोन. चार सीटच्या गाडीची लांबी १२ फुटांच्या पुढे जाते, म्हणून बेड १४ ते १६ फुटांचा होतो. ट्रेलरच ६०० ते ७०० किलोंचा, वर गाडी ९०० ते १,००० किलोंची. एकूण १,६००-१,७०० किलो एका एक्सलवर टाकण्यात अर्थ नाही. दोन एक्सल असले की एक टायर फुटला तरी ट्रेलर सरळ राहतो. पुढे-मागे झुकणेही कमी होते.

तोटेही आहेत. वळताना चारही टायर घासले जातात, म्हणून बागेतल्या अरुंद वळणावर ट्रेलर जोर लावून फिरवावा लागतो आणि हाताने ढकलून जागेवर लावणे जवळजवळ अशक्य. देखभाल दुप्पट. ब्रेक दोन्ही एक्सलना हवेत, एकालाच लावून पैसे वाचवू नका. दोन सीटच्या गाडीला मात्र दोन एक्सल घेण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमची स्कॉर्पिओ १,२०० किलो आरामात ओढते, इगतपुरीकडून येताना चढावरही अडचण आली नाही. ट्रेलरला वेगळे ब्रेक हवेतच का? (वाचक, नाशिक रोड)

हवेतच. चढ चढता येतो यावरून फक्त इंजिनची ताकद कळते. ट्रेलरची परीक्षा उतारावर असते.

इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना साधारण ३०० मीटर उंची कमी होते. १,२०० किलोंचा ट्रेलर तेवढा खाली आला की सुमारे ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडते. ती सगळी ब्रेकमध्ये गेली तर २० किलो लोखंडाचे तापमान जवळपास ३८० अंशांनी वाढेल. शिवाय स्कॉर्पिओचे स्वतःचे वजन, माणसे, सामान यांची उष्णता वेगळी. ट्रेलरला ब्रेक नसतील तर सगळा भार पुढच्या गाडीच्या डिस्क आणि ड्रमवर पडतो. पॅड तापले की पकड कमी होते. ब्रेक तेल जुने आणि पाणी शोषलेले असेल तर ते उकळते आणि पेडल खाली जाते. युरोपात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत ते याचमुळे.

ब्रेक मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. पहिला धक्क्यावर चालणारा, म्हणजे ओव्हररन ब्रेक. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेलतो, कपलिंगचा दांडा आत सरकतो आणि केबल किंवा हायड्रॉलिकने ड्रमचे ब्रेक दाबले जातात. वायरिंग, कंट्रोलर काही लागत नाही, म्हणून साध्या कामाला चांगला. पण लांब उतारावर ट्रेलर सतत रेललेला असतो, त्यामुळे ब्रेक सारखे घासत राहतात आणि ड्रम तापतात. रिव्हर्स घेतानाही दांडा आत दाबला जाऊन ब्रेक लागतात. म्हणून आपोआप सुटणारी रिव्हर्स व्यवस्था असलेला संच घ्या किंवा लॉक करायची पट्टी आहे का ते पाहा.

दुसरा विजेवर चालणारा. ड्रममध्ये चुंबक असतात आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरवरून त्यांची ताकद कमी-जास्त करता येते. ट्रेलर डुलू लागला तर गाडीचे ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचे लावता येतात, हा त्याचा मोठा फायदा. वारंवार घाट उतरणाऱ्यांना आम्ही हाच सुचवतो. जाड वायर आणि चांगली अर्थिंग लागते, नाहीतर चुंबकाला पुरेसा करंट मिळत नाही आणि ब्रेक आहेत असे फक्त वाटते.

दोन्हींत ब्रेकअवे केबल हवी. कपलिंग सुटले तर ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लावते. ती सेफ्टी चेनमध्ये गुंतवू नका, गाडीच्या वेगळ्या ठिकाणी अडकवा. चेन दोन लावा आणि कपलिंगखाली एकमेकींवरून तिरप्या न्या, म्हणजे दांडा सुटून खाली आला तर त्या पाळण्यात अडकतो आणि रस्त्यात रुतत नाही. चेनची ढील एवढीच ठेवा की वळताना ओढल्या जाणार नाहीत आणि जमिनीला घासणारही नाहीत.

उतरण्याची पद्धत : उतार सुरू होण्याआधी वेग कमी करून दुसरा किंवा तिसरा गिअर घ्या, इंजिनला धरू द्या. ब्रेक सारखा हलका दाबून ठेवू नका. वेग ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की एकदा नीट दाबून वेग खाली आणा आणि पाय काढा. ड्रम-डिस्कना मधल्या वेळात गार व्हायला जागा मिळते. घाटातल्या वळणांवर ताशी ३० ते ४०, सपाट महामार्गावर ६० ते ७० किलोमीटर पुरे.

ट्रेलर मागे डुलू लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक जोरात मारू नका आणि वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नको. वेग कमी झाला की डुलणे थांबते. मग जागा पाहून थांबा आणि गाडी बेडवर पुढे घ्या. डुलण्याचे कारण बहुतेक वेळा हुकावर वजन कमी असणे हेच असते. त्याखालोखाल कमी हवा आणि कपलिंग वर उचलल्यासारखा, पुढे उंच झालेला ट्रेलर. भरलेला ट्रेलर जमिनीला समांतर हवा, म्हणून बॉलची (ओढणाऱ्या गाडीच्या हुकावरचा, कपलिंग बसते तो गोळा) उंची रिकाम्या नव्हे, भरलेल्या ट्रेलरला जुळवा.

प्रश्न : टायर कुठले घ्यावेत? जुने कारचे टायर लावले तर? (वाचक, त्र्यंबकेश्वर)

टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, तो भारांक. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. १,२०० किलोंच्या ट्रेलरमधले १५० हुकावर गेले तर एक्सलवर १,०५० उरतात. ८५ भारांकाचे कारचे दोन टायर १,०३० किलोच झेलतात, म्हणजे निघण्यापूर्वीच ते ओव्हरलोड. रस्त्याचा धक्का बसला की बाजू फाटते.

मालवाहू टायर घ्या. १९५ आर १४ सी या मापाचे, ८ पीआरचे (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा दर्जा) टायर सहसा १०६ भारांकाचे असतात, म्हणजे दोघांचे मिळून १,९०० किलो. यांना हवा जास्त लागते, ६५ पीएसआयच्या आसपास. बाजूवर लिहिलेला आकडा पाहा आणि टायर थंड असताना भरा. ३० पीएसआयवर चालवलेला मालवाहू टायर आतून तापतो आणि फुटतो.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ट्रेलर महिनोन् महिने उन्हात उभा असतो. टायरवरच्या चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते, २४२३ म्हणजे २०२३ सालचा चोविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी बदला. एक्सलखाली जॅक लावून टायरवरचा भार कमी ठेवा आणि वर झाकण घाला. स्टेपनी, तिला बसणारा पाना आणि ट्रेलरखाली जाईल असा जॅक सोबत ठेवा. बोलेरोचा पाना ट्रेलरच्या नटांना बसतोच असे नाही.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला ओढे ओलांडावे लागतात. दोन तास धावल्यावर हब गरम असतो, तो थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरे, दुधाळ होते. काही आठवड्यांत बेअरिंग गंजते आणि मग घाटातच आवाज करायला लागते. म्हणून ओढ्याआधी दहा मिनिटे थांबा आणि पावसाळा संपला की हब उघडाच. रॉकेलने धुवा, बेअरिंगवर निळे-काळे डाग किंवा खाचा दिसल्या तर बेअरिंग आणि बाहेरची रिंग दोन्ही बदला. लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ दर्जाचे ग्रीस रोलरच्या मधोमध दाबून भरा. सील नेहमी नवे लावा. नट आवळताना हब हाताने फिरवत राहा, फिरणे जड झाले की नट एक चतुर्थांश फेरीच्या आत सैल करा, कॉटर पिन घाला. चाक वर-खाली हलवून अगदी किंचित ढील जाणवली पाहिजे. नट करकचून आवळला तर वीस किलोमीटरमध्ये बेअरिंग जळते. पहिल्या थांब्यावर हबला हात लावा : कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : रॅम्प किती लांब हवा आणि पट्टे कसे बांधावेत? (वाचक, इगतपुरी)

बेडची उंची ५८ सेंटिमीटर असेल तर दीड मीटरचा रॅम्प साधारण २३ अंशांचा चढ देतो. १.८ मीटरचा १९ अंशांचा. ओल्या चिखलात हा फरक कळतो. १.८ मीटर घ्या. जाळीचा रॅम्प घेतलात तर खालचे आडवे आधार ३० सेंटिमीटरच्या आत असावेत. एका चाकाखाली २०० ते ३०० किलो येतात आणि अंतर जास्त असेल तर जाळी दबते. उभा राहणारा गेट महामार्गावर वाऱ्याला पाल होतो, म्हणून आत आडवा दुमडणारा चांगला.

गाडी चढवताना पुढची चाके रॅम्पवर असतात तेव्हा ट्रेलरचे मागचे टोक दबते, कपलिंग वर उचलते आणि त्याबरोबर ओढणाऱ्या गाडीचे मागचे टोकही. म्हणून ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांत उतरवता येणारे आधाराचे पाय हवेत. ओढणारी गाडी जोडलेली ठेवा, तिचा हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. मगच लो रेंजमध्ये, मध्ये न थांबता चढा. मध्ये थांबून पुन्हा रेस दिली तर रॅम्प मागे सरकतो. रॅम्पला ट्रेलरशी जोडणारी पिन किंवा साखळी असल्याशिवाय चढूच नका.

बांधायला ५० मिलिमीटरचे रॅचेट पट्टे, चार कोपऱ्यांना चार. बाजारात ते ५ टन तुटण्याच्या ताकदीचे मिळतात. लेबल नसलेला पट्टा वापरू नका. पट्टा चेसिसला बांधून सस्पेन्शन दाबायची पद्धत प्रचलित आहे, पण खड्ड्यात गाडी खाली दबली की पट्टा ढिला होतो आणि वर आली की झटका बसतो. आमची पसंती चाकांना बांधण्याला आहे : टायरवरून जाणारा जाळीदार पट्टा, पुढे आणि मागे दोन्हीकडे ओढलेला. सस्पेन्शन मोकळे राहते आणि पट्ट्याचा ताण तसाच टिकतो. चेसिसला बांधावेच लागले तर पट्टे सुमारे ४५ अंशांत, मागचे दोन एकमेकांना छेदून न्या. ए-आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा) किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला पट्टा कधीही बांधू नका. पट्टा धारदार कडेवरून जात असेल तर खाली जाड कापड किंवा रबर घाला. बांधून झाले की गाडी पार्कमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, पेट्रोलचा नळ असेल तर बंद करा. वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण नव्या पट्ट्याची वीण ताणाने बसते.

प्रश्न : तयार ट्रेलर घ्यावा की अंबडमध्ये बनवून घ्यावा? (वाचक, सातपूर)

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक पट्ट्यात वेल्डिंगचे काम उत्तम होते, प्रश्न कारागिरीचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे मॉडेलची चाचणी पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटी, नगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून व्हावी लागते. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी उत्पादकाकडून त्या मॉडेलचे मंजुरी प्रमाणपत्र मागा आणि ते घेऊन आरटीओत नोंदणीबद्दल विचारा. ज्याचे कागद होत नाहीत तो ट्रेलर कितीही मजबूत असला तरी अपघातानंतर विमा कंपनीसमोर तुम्हीच अडचणीत याल. कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसला पाहिजे. मागच्या फलकाला जागा आणि दिवा आधीच ठरवा.

बनवून घ्यायचाच असेल तर हे तपासा. एक्सल बेडच्या पुढच्या टोकापासून ६० टक्के अंतरावर, म्हणजे १२ फुटी बेडला ७ फूट अडीच इंचांवर हवा. मधोमध बसवलेला एक्सल ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे आणि तीच ट्रेलर डुलवते. पुढचा ए-आकाराचा दांडा १०० मिलिमीटरच्या चॅनेलचा करा आणि तो बेडखाली निदान दोन आडव्या चॅनेलपर्यंत आत न्या. फक्त पुढच्या चॅनेलला वेल्ड केलेला दांडा तिथेच तडकतो. दांड्याच्या वरच्या-खालच्या पाकळीवर आडवा वेल्ड मारू नये, ताण येतो तिथेच चीर सुरू होते. बंद पाइपला सर्वांत खालच्या बाजूला भोक ठेवा, आत साठलेले पाणी पत्रा आतून खाते. शक्य असेल तर गरम जस्ताचा मुलामा द्या, पण सगळी भोके आणि वेल्डिंग झाल्यावरच.

कपलिंग बॉलचेच घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची रिंग आणि पिन हळू चालण्यासाठी असते, महामार्गावर तिच्यात धक्के बसतात. आणि बॉल व कपलिंगवर कोरलेली मापे जुळवून पाहा : ५० मिलिमीटर, २ इंच आणि १ ७/८ इंच असे तीन जवळजवळचे आकार मिळतात. मोठ्या कपलिंगमध्ये ४७.६ मिलिमीटरचा बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो. लॉक लावल्यावर पुढच्या चाकाच्या जॅकने दांडा वर उचलून पाहा. गाडीचे मागचे टोक त्याबरोबर उचलले तरच कपलिंग पक्के बसले आहे.

प्रश्न : ट्रेलरचे इंडिकेटर कधी लागतात, कधी सगळे दिवे एकत्र मिणमिणतात. (वाचक, देवळाली)

अर्थिंग. बहुतेकांनी अर्थ बॉलमधून, म्हणजे ग्रीस आणि गंजातून घेतलेला असतो. सातपिनी प्लगमधून स्वतंत्र अर्थ वायर आणा, चेसिसचा रंग घासून बोल्टने घट्ट लावा आणि वर ग्रीस द्या. तरीही एक इंडिकेटर वेगाने लुकलुकत असेल तर फ्लॅशरला एलईडीचा भार कमी पडतो आहे, एलईडीसाठी असलेला फ्लॅशर लावा. वायर जोडताना नुसता टेप गुंडाळू नका, सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा, एरवी पहिल्या पावसातच सांधा हिरवा पडतो.